चेहरा दिसला

दुपारचे दोन वाजून गेलेत. हौसाक्का कॉटवर पडलीय, पण झोप लागत नाही आणि जागही धड राहत नाही. पोटात भाकरी आणि वांग्याचं भरीत पडलंय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, उजव्या पायाखाली नेहमीची उशी आहे. पाच वाजता गाडी न्यायला येणार. तोवर घटकाभर पडा, असं भाचसून मंगलनं बजावलंय आणि चांगली इरकल साडी काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवलीय.

गाडी शोकसभेला न्यायला येणार आहे. कुंदलता गेली. मुंबईत, झोपेत, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. सगळ्या पेपरांत तिचा एकच फोटो आहे. अंगात काळा शर्ट, काळी तुमान, गळ्यात पाचूचा हार, डोळ्यांच्या कडेला काजळाची शेपटी आणि ओठांवर एक बोट, चूप म्हणणारं. ‘चंपाराणीचा डल्ला’मधली चंपाराणी. सत्तावन्न वर्षांपूर्वीचा सिनेमा, पण कोल्हापुरात आजही कुणालाही विचारा. नर्स बनून वाड्यात शिरणारी चोरटी, पुरणाच्या गोळ्यात लपवलेला हार, मिशा गळून पडणारे तीन पोलीस आणि शेवटी गच्चीवरून खाली कडब्याच्या गाडीत मारलेली ती उडी. लोक पोट धरून हसायचे आणि उडीला शिट्ट्या मारायचे.

पेपरवाल्यानं खाली लिहिलंय, ‘ती उडी बाईंनी स्वतः मारली होती. बदली बाई घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता.’

हौसाक्काला वाचता येतं, चष्माही आहे. तरी तिनं तेवढी ओळ मंगलकडून तीनदा वाचून घेतली.

सभावाल्यांचा फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. जुन्या ग्रुप फोटोत तुम्ही दिसलात, सेटवर मदतीला होतात वाटतं, तर बाईंच्या दोन गोड आठवणी सांगा.

“सांगतो की,” हौसाक्का म्हणाली. तिच्या पिढीतल्या बाया बोलतात तशी ती अजून ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलते. “दोनच सांगतो.”

फोन ठेवल्यावर मंगल म्हणाली, “आत्या, गेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही हो.”

“ती गेली म्हणून माझा पाय सरळ झाला का?”

 आता मंगलच्या भांडी घासण्याचा आवाज मोरीतून येतोय, मग तो लांब जातो. पंख्याचा आवाज बदलतो. कुरकुर थांबते आणि रीळ फिरतं तशी एकसारखी किरकिर सुरू होते. कॉटच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी दबते.

“सरक की जरा. केवढी पसरलीस!”

हौसाक्का डोळे उघडते, किंवा उघडत नाही, पण तिला दिसतं. कुंदलता बसलीय. फोटोतलीच, सत्तावीस वर्षांची, काळ्या कपड्यांत. फक्त केस पांढरे आहेत आणि नाकात कापसाचे बोळे आहेत. ती ते बोळे काढते आणि उशाखाली सारते, जणू हातरुमाल ठेवतेय.

“बाई, तुमी मेलाय.”

“हो, परवा.” कुंदलता खुर्चीवरची साडी चिमटीत धरून बघते. “ही नेसून येणार माझ्या सभेला? रंग बरा आहे. माझ्याशेजारी फिका पडेल, पण बरा आहे.”

“तुमच्याशेजारी आता उदबत्ती हाय.”

कुंदलता हसते. ते हसू हौसाक्काच्या ओळखीचं आहे. त्यात ओठ हसतात आणि डोळे हिशोबानं समोरच्याकडे बघत राहतात.

“काय सांगणार आहेस तिथं?”

“खरं काय ते.”

“ऐकेल कोण? म्हातारी बडबडतेय म्हणतील.”

“म्हणू देत. मी बोललेलं तुमाला ऐकू आलं म्हंजे झालं.”

हौसाक्का उठून बसते आणि पाय खाली सोडते. फरशी लागत नाही. पायाखाली माती लागते, तांबडी, तेल-ताक घालून मळलेली, थंड. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जागी मारुतीची शेंदरी मूर्ती आहे. छतातून दोरी लोंबतेय. हौसाक्काच्या बापाची तालीम. बाप, बाबू वस्ताद मगदूम, कोपऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून बसलाय आणि एका मुदगलाला तेल चोळतोय. तो वळून बघत नाही.

“इथूनच उचलली तुला आम्ही,” कुंदलता म्हणते. मातीत बूट भरू नयेत म्हणून ती टाचांवर चालतेय. “आबासाहेबांनी सगळं कोल्हापूर पालथं घातलं. पहिलवान पोरं उड्या मारायला एका पायावर तयार होती, पण माझ्या कपड्यांत मावणार कोण?”

“मी मावलो.”

“मावलीस कसली! कमरेत सैल झालं तुला.” एवढ्या वर्षांनंतरही कुंदलताच्या आवाजात तो राग ताजा आहे. “सगळ्यांसमोर टेलर म्हणाला, ही बाईंपेक्षा बारीक आहे.”

“मग तुमी माझ्या कमरेला फडकं गुंडाळायला लावलं. दोन पदर.”

“तीन,” कुंदलता म्हणते.

हौसाक्का तेव्हा एकोणीस वर्षांची. दोरीच्या मल्लखांबावर ती अशी चढायची की बघणाऱ्याची मान दुखावी. आबासाहेब, म्हणजे त्या सिनेमाचे डायरेक्टर, तालमीत येऊन बापाच्या पाया पडले तेव्हा बापानं एकच अट घातली. पोरीनं सिनेमात उडी मारली हे गावात कळता कामा नये, नाव आलं तर लग्न मोडेल. आबासाहेबांनी शब्द दिला. बापानं हौसाक्काकडूनही शब्द घेतला. नाव आलं नाही. लग्न तरी मोडलंच, पायामुळे. बाप गेल्यावर शब्द सुटला, पण तोवर सांगायला कुणी उरलं नव्हतं. मग चाळीस वर्षं हौसाक्का याच तालमीत खुर्ची टाकून बसली, आणि वर चढणाऱ्या पोरींना खालून ओरडून शिकवत राहिली.

“आबा,” ती बापाला हाक मारते. “बोलू का आज?”

बाप वळत नाही. पण मुदगलावर फिरणारा हात थांबतो, आणि तो बाजूला सरकून दोरीकडे जायची वाट मोकळी करतो.

हौसाक्का दोरी धरते. शहात्तर वर्षांचे हात, पण पकड बसते. अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी अडकवून ती वर जाते. उजवा पाय दुखत नाही. वर छत नाही. छताच्या जागी ऊन आहे, आणि डोकं बाहेर निघतं ते थेट गच्चीवर. कुंदलता आधीच तिथं आहे आणि छत्रीखाली वेताच्या खुर्चीत बसून लिंबू सरबत पितेय.

ही तीच गच्ची. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या भाड्याच्या बंगल्याची, गुडघ्याएवढ्या कठड्याची. पण आज गच्चीवर थिएटरातल्या खुर्च्यांच्या रांगा आहेत, आणि समोर आभाळाला पडदा म्हणून काम दिलंय. पहिल्या रांगेत तीन पोलीस बसलेत आणि आपापल्या गळलेल्या मिशा हातात धरून आहेत.

आभाळावर सिनेमा चाललाय. चंपाराणी गच्चीवर येते, मागे पोलीस, ती वळून डोळा मारते. तेवढा तुकडा कुंदलताचा. मग पाठमोरी काळी आकृती कठड्यावर चढते, दोन्ही हात पसरते आणि उडी घेते. लाल स्कार्फ मागे फडफडतो. खाली कडब्यात ती अशी अलगद बुडते की एक पेंढी बाहेर सांडत नाही. बैल चालू लागतात. पोलीस एकमेकांवर आदळतात.

“ही पैली उडी,” हौसाक्का म्हणते.

कुंदलता सरबत पितेय.

“बाई, मी काय म्हणतोय? सिनेमात लावली ती ही पैली. तुमी त्या दिशी म्हणाला, हिचा चेहरा दिसला, परत घ्या. आणि मी परत मारली. आणि पाय गेला. मग लावताना पैलीच का लावली?”

“दुसरीत तू पडलीस ना. पडलेली कशी लावणार?”

“ते मला कळतंय. मी इचारतोय, पैलीत चेहरा दिसला कुठं? सत्तावन वर्सं बघतोय मी. थेटरात बघितला, टीव्हीवर बघितला, भाच्यानं मोबाईलवर थांबवून थांबवून दाखवला. दिसत न्हाई. तुमी दाखवा. बोट ठेवून दाखवा.”

ती कुंदलताचं मनगट धरून तिला उठवते आणि आभाळापाशी नेते. चित्र थांबलेलं आहे. उडीच्या मध्यावर ती काळी आकृती लटकून राहिलीय. कुंदलता बोट पुढे करते. बोट स्कार्फवर जातं, केसांवर जातं, मानेवर जातं आणि तिथंच घुटमळतं.

“मला उजेड पुरत नाही,” ती म्हणते.

आणि उजेड खरोखरच जातो. खुर्च्यांच्या लोखंडी खाटा झाल्यात, फिनेलचा वास सुटलाय. हौसाक्का दवाखान्यात आहे. उजवा पाय प्लास्टरमध्ये, दोरीनं वर टांगलेला. शेजारच्या खाटेवर एक पोलीस आपली मिशी कुरवाळत झोपलाय.

“सव्वा म्हैना मी हितं हुतो,” हौसाक्का म्हणते. “तुमी एकदा बी आला न्हाईसा.”

“आले होते.” कुंदलता दारात उभी आहे, हातात द्राक्षांचा घोस. “दारापर्यंत आले होते. नर्सनं ओळखलं आणि सही मागितली. मग दुसरीनं मागितली. सह्या दिल्या, द्राक्षं त्यांनाच दिली आणि निघाले. मला शूटिंग होतं.”

 एवढ्या वर्षांत हौसाक्कानं या बाईला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या, पण द्राक्षांची गोष्ट तिला ठाऊक नव्हती.  ती प्लास्टरसकट पाय ओढून घेते, दोरी तुटते, आणि ती उभी राहते. प्लास्टर कडब्याच्या तुसासारखं गळून पडतं.

“खरं सांगा आता. का मारायला लावली दुसरी?”

“काय करायचंय तुला आता?”

“सांगा म्हणतो न्हवं.”

कुंदलता द्राक्षं खाली ठेवते. तिचा चेहरा एका क्षणात म्हातारा होतो आणि पुन्हा तरुण होतो, मग म्हातारा होऊन तसाच राहतो.

“तू पहिली उडी मारलीस,” ती म्हणते, “तेव्हा टाळ्या वाजल्या. आठवतंय? सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. कॅमेरामन कॅमेरा सोडून खाली धावला. चहावाला, लाइटवाले, आबासाहेब. सगळे तुझ्या गाडीभोवती. अठरा दिवस मी तिथं काम करत होते, हसत होते, डोळे मोडत होते. माझ्यासाठी एकानंही टाळी वाजवली नव्हती. माझ्यावर हसायचे. तो सिनेमाच तसा होता. आणि तू, एक शब्द न बोलता, पाठमोरी…”

“म्हणून?”

“म्हणून म्हणाले, चेहरा दिसला.”

“खोटं.”

“हो. खोटं. मला फक्त एवढंच हवं होतं की तू पुन्हा मारावीस आणि या वेळी कुणी टाळी वाजवू नये.”

“न्हाई वाजवली कुणी,” हौसाक्का म्हणते.

“नाही ना,” कुंदलता म्हणते. आणि तिच्या आवाजात, हौसाक्का नीट ऐकते, पश्चात्ताप नाही. थोडं समाधानच आहे, जुनं, मुरलेलं. “नंतर पेपरवाल्यांनी विचारलं, उडी तुम्हीच मारलीत का? मी हो म्हणाले. दर वेळी तेच विचारायचे. बाकी काही कुणी विचारलंच नाही मला, कधीच. हौसा, आज तेवढं नको बोलूस. उद्या बोल. लोकांना एक दिवस रडू दे माझ्यासाठी.”



“चला,” हौसाक्का म्हणते.

“कुठं?”

“वर.”

वर जायला लागत नाही. त्या दोघी गच्चीवरच आहेत. ऊन टळटळीत, कठडा तापलेला. खाली कडब्याची गाडी आहे, भोवती युनिट जमलंय. सगळ्यांचे चेहरे वर आहेत, सगळे तरुण आहेत आणि त्यातले बरेचसे मेलेले आहेत. बैल माना हलवतायत.

“चडा कठड्यावर.”

“मला उंचीची भीती वाटते, तुला ठाऊक आहे! सगळ्यांना ठाऊक होतं. स्टुलावर उभी राहून फोटो काढायचा तरी कुणीतरी हात धरायला लागायचं.”

“पेपरात तर लिवलंय तुमीच मारली. चडा.”

कुंदलता चढते. का चढते ते तिलाही कळत नाही. काळी तुमान तिच्या म्हाताऱ्या पायांवर लोंबतेय. हौसाक्का तिच्या कमरेकडे बघते, तिथं फडकं नाही आणि गुंडाळायची गरजही नाही. कुंदलता खाली बघते आणि तिच्या तोंडातून बारीक किंकाळी निघते.

“हौसा, गाडी सरकलीय! कठड्यापासून लांब गेलीय.”

“दुसऱ्या खेपेला बी सरकली हुती. टाळ्यांना बैल बुजले हुते. मी ओरडून सांगितलं, गाडी हातभर फुडं गेलीया, मागं घ्या. तुमी छत्रीखालनं काय म्हणाला?”

“मला आठवत नाही.”

“आठवा.”

खालचे लोक वाट बघतायत. कुंदलताचे ओठ हलतात. “म्हणाले… उगाच नखरे करू नकोस, लवकर मार, माझ्या चेहऱ्याला घाम सुटलाय.”

हौसाक्का आपल्या कपाळावर हात फिरवते आणि तळवा तिला दाखवते. “बाई, मला बी घाम सुटलाय.”

कुंदलता तिचा हात पकडते, मनगटाच्या वर, दोन्ही हातांनी. सगळी ताकद लावून. “मला मारशील? अगं, मी मेलेय!”

“मग कशाला भीता?”

“सोडू नकोस. हौसा. हौसाताई! पाया पडते.”

ताई. त्या दिवसांत तिला सेटवर सगळे ‘ए पोरी’ म्हणायचे. हौसाक्काला क्षणभर वाटतं, माफ करावं हिला, मागे ओढावं, खुर्चीत बसवावं, सरबत द्यावं. तेवढं वाटतं आणि मग तिला द्राक्षं आठवतात, नर्सनी खाल्लेली.

ती कुंदलताची बोटं सोडवायला लागते. घाई नाही. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. मल्लखांबवाल्यांच्या हाताला पकड कशी सुटते ते कळतं. कुंदलता रडते, शिव्या देते, परत ताई म्हणते. शेवटचा अंगठा राहतो. हौसाक्का तोही उचलते.

कुंदलता जाते. उडी अशी नाहीच ती. हात-पाय झाडत, बोंबलत, स्कार्फ तोंडावर गुंडाळलेला, एखादं गाठोडं वरून टाकावं तशी. कडब्याच्या कडेवर आदळते, उलटी होते आणि आत जाते. पेंढ्या चहूकडे उडतात.

सगळं चिडीचूप. खालचे लोक गाडीकडे बघत नाहीत. सगळे वर, हौसाक्काकडे बघतायत. ती काय करते ते बघून आपण करायचं, असे. आबासाहेबांचे हात छातीपाशी उचललेले आहेत, तळव्यात वीतभर अंतर.

हौसाक्का आपले दोन्ही हात काखेत घालते. घट्ट. आबासाहेबांचे हात खाली येतात.

कडब्यातून पांढरं डोकं वर निघतं. केसांत तूस, काजळ गालांवर ओघळलेलं. पण तोंडावर पोरकट, आशाळभूत हसू.

“कशी झाली?” कुंदलता खालून ओरडते. “हौसा! मारली ना मी? बरी झाली ना?”

हौसाक्का कठड्यावरून वाकते.

“चेहरा दिसला,” ती म्हणते. “परत घ्या.”

“आत्या! अहो आत्या!”

मंगल खांदा हलवतेय. पंखा कुरकुरतोय. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर गेलंय.

“साडेचार झाले. गाडीवाल्याचा फोन आला, निघालाय तो. केवढ्यानं ओरडलात झोपेत! काय परत घ्या म्हणत होतात?”

हौसाक्का पाय खाली सोडते. फरशी लागते आणि उजवा पाय नेहमीसारखा ठणकतो. ती खुर्चीवरची साडी ओढायला हात पुढे करते आणि मंगल तो हात मध्येच धरते.

“हे काय लागलं?”

मनगटाच्या वर नखांचे वण आहेत. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, चंद्रकोरीसारखे, ताजे, कडांना रक्त साकळलेलं. एका वणात नेलपॉलिशचा बारीक टवका रुतून बसलाय, गडद लाल. मंगल स्वतःची नखं बघते. धुण्याभांड्यांनी पांढरी पडलेली, बोडकी. हौसाक्काची तर तिनंच रविवारी काढून दिली होती, पार मुळापासून.

“आत्या, कुणी ओरबाडलं हो?”

“सोडत न्हवती,” हौसाक्का म्हणते.

 मंगल त्या टवक्याकडे बघत म्हणते, “थांबा, हळद आणते. बांगड्या खाली ओढल्या की झाकून जाईल.”

“झाकू नगं.” हौसाक्का बांगड्या कोपराकडे सारते आणि हात उजेडात धरून बघते. टवका ती काढत नाही. “माईक ह्याच हातात धरणार हाय मी.”